वर्तुळातला आकडा

आमच्या दर्यापूरकडच्या वावराचा सातबारा मी पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा वीस वर्षांचा होतो. तोवर तो कागद म्हणजे पीककर्जाच्या दिवसांत घरभर शोधायची वस्तू, एवढीच त्याची ओळख होती. काकांनी तो ओट्यावर पसरला, आजोबांच्या नावाजवळ छोट्या वर्तुळात लिहिलेल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ह्या गोलातला आकडा धर अन् मांगं मांगं जाय. वावर कसं आलं ते सारं सापडते.”

तो आकडा फेरफाराचा होता. गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही. तिच्यातल्या एका नोंदीचा क्रमांक. तहसीलमधून त्या नोंदीची नक्कल काढली. वावर कोणाकडून आलं, कोणत्या तारखेला, खरेदीने की वारसाने, नोंद मंजूर कोणी केली, सगळं तिथे होतं. सातबाऱ्यावर यातलं काहीच नव्हतं. तिथे फक्त आकडा होता, आणि तो दुसऱ्या वहीतल्या एका ओळीकडे बोट दाखवत होता.

पुढे अमरावतीला कॉलेजात सरांनी फळ्यावर दोन चौकोन काढले, एकातून दुसऱ्याकडे बाण ओढला आणि त्याला ‘फॉरेन की’ असं नाव सांगितलं, तेव्हा मला काकांचं बोट आठवलं. हे प्रकरण त्या बाणाबद्दल आहे.

आधी वह्यांबद्दल बोलू. महसूल खात्यात गावाचा हिशेब एका वहीत नसतो. नमुना 7 मध्ये जमीन आणि तिच्यावरचे हक्क, नमुना 12 मध्ये पीक, 8अ मध्ये प्रत्येक खातेदाराची एकूण जमीन, 6 मध्ये बदल, 6क मध्ये वारस. आपण ज्याला सातबारा म्हणतो तो मुळात सात आणि बारा या दोन नमुन्यांचा एका कागदावर केलेला मेळ आहे. वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथे रयतवारी मोजणी झाली. नागपूरकडे मालगुजारी होती, मध्ये मालगुजार होता. वऱ्हाडात सरकारचा संबंध थेट शेतकऱ्याशी, म्हणून प्रत्येक वावराला नंबर आणि प्रत्येक शेतकऱ्याला खातं लागलं.

एवढ्या वह्या कशाला, एकच मोठी वही का नाही? कारण एका खातेदाराची पाच वावरं असतील तर त्याचं नाव पाच ठिकाणी लिहावं लागेल. ‘रामराव’चं एका ठिकाणी ‘रामाजी’ झालं की माणसं दोन झाली. नाव एकदाच एका जागी लिहायचं आणि बाकी सगळीकडे त्याचा क्रमांक वापरायचा, हा त्यावरचा उपाय. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने जून 1970 मध्ये एका निबंधात हीच गोष्ट संगणकासाठी मांडली. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, प्रत्येक तक्त्यातली ओळ ओळखणारी एक किल्ली असू द्या, ती प्रायमरी की. आणि एका तक्त्यात दुसऱ्या तक्त्याची किल्ली आली की ती तिथे फॉरेन की, म्हणजे परक्या घरची किल्ली. दोन्ही शब्द त्याच निबंधात आहेत. 1981 साली कॉडला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज बँक, रेल्वेचं आरक्षण, विद्यापीठाचा निकाल, सगळं मुख्यतः याच पायावर उभं आहे.

किल्ली निवडणं हे मात्र वाटतं तितकं सोपं नाही, आणि ते शिकायला अमरावती जिल्ह्यासारखी शाळा नाही. जिल्ह्यात चौदा तालुके. त्यांत चांदूर दोन, चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे. नांदगावही जिल्ह्यात दोन, एक तालुक्याचं नांदगाव खंडेश्वर आणि दुसरं नांदगाव पेठ. मोठ्या गावांची ही गत, तर खेड्यांमधल्या वडगाव-पिंपऱ्यांचं विचारूच नका. गावाचं नाव ही किल्ली होऊ शकत नाही, हे इथल्या महसुली कागदांना संगणकाच्या कितीतरी आधी माहीत होतं. अमरावती शहराजवळच्या प्लॉटची जाहीर नोटीस वाचा. ‘मौजे अमुक, प्रगणे बडनेरा’ किंवा ‘प्रगणे नांदगाव पेठ’ असं आजही लिहिलेलं दिसतं. प्रगण्याचा कारभार जाऊन किती काळ लोटला, पण तो शब्द कागदावर टिकला, कारण मौजा आणि प्रगणा मिळून जागा नेमकी ठरते. दोन रकाने मिळून एक किल्ली, हिला संयुक्त किल्ली म्हणतात. सर्व्हे नंबरचंही तेच. 45 नंबरचं वावर प्रत्येक गावात असतं. मौजा आणि नंबर मिळूनच ते एक होतं.

आणि किल्लीत बदलणारी गोष्ट घातली की काय होतं? 1 जुलै 1998 ला अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. कारंजा, मंगरुळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा हे तालुके रात्रीतून दुसऱ्या जिल्ह्यात गेले. समजा, कोणी शेतकऱ्याचा क्रमांकच ‘अकोला-कारंजा-112’ असा बांधला असता, तर त्या क्रमांकाकडे बोट दाखवणारी प्रत्येक कर्जनोंद, प्रत्येक पावती बदलावी लागली असती. डेटाबेसला तसं सांगता येतं: मूळ किल्ली बदलली तर तिच्यावर टेकलेल्या सगळ्या ओळी आपोआप बदल. त्याला ‘ऑन अपडेट कॅस्केड’ म्हणतात. पण माझं मत स्पष्ट आहे. ही सोय वापरायची वेळ वारंवार येत असेल तर किल्लीच चुकली. किल्ली मुकी असावी. तिने जिल्हा, जात, आडनाव, गाव यातलं काही बोलू नये. 2020 मध्ये सातबाऱ्याचा नवा नमुना आला तेव्हा गावाच्या नावासोबत गावाचा कोड छापायला सुरुवात झाली. नाव माणसांसाठी, कोड मेळ घालण्यासाठी.

आता फॉरेन कीचं खरं काम. ती बाण दाखवते, हे अर्धंच वर्णन झालं. तिचं खरं काम नकार देणं हे आहे. हे मला एका हंगामात कळलं.

अकोल्याजवळच्या एका जिनिंगसाठी मी कापूस खरेदीचा छोटा प्रोग्राम लिहिला होता. एक तक्ता शेतकऱ्यांचा, दुसरा काटापट्टीचा. काटापट्टीत तारीख, गाडी नंबर, वजन, भाव आणि शेतकऱ्याचा क्रमांक. क्रमांकाचा रकाना होता, पण तो फॉरेन की आहे असं मी डेटाबेसला सांगितलंच नव्हतं. मनात बाण होता, यंत्रात नव्हता. दिवाळीनंतर आवक वाढली, गाड्यांची रांग लागली, आणि घाईत एकच माणूस यादीत दोनदा येऊ लागला, एकदा पूर्ण नावाने, एकदा नुसत्या आडनावाने. यादी साफ करायची म्हणून ऑफिसातल्या मुलाने अर्धवट दिसणारी नावं काढून टाकली. डेटाबेसने हूं की चूं केलं नाही. सतरा काटापट्ट्या अशा क्रमांकाकडे बोट दाखवत राहिल्या ज्या क्रमांकाचा माणूसच यादीत उरला नव्हता.

चुकाऱ्याची यादी मी दोन्ही तक्ते जोडून काढत होतो. जोडताना ज्या पट्टीला मालक सापडत नाही ती पट्टी यादीतून गळते. गुपचूप गळते, कुठेही चूक म्हणून दिसत नाही. आठवड्यानं मूर्तिजापूरकडचे एक म्हातारे शेतकरी आले. खिशातून घडी केलेली काटापट्टी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. “तीन चकरा झाल्या बापू. माह्या कापसाचा चुकारा कुठं हाय?” त्यांचं वजन नोंदलेलं होतं, भाव नोंदलेला होता. फक्त ते स्वतः आमच्या लेखी नव्हते.

अशा पोरक्या ओळी शोधायची रीत सोपी आहे आणि प्रत्येक डेटाबेसवाल्याला ती तोंडपाठ हवी: लेकराच्या, म्हणजे इथे काटापट्टीच्या, तक्त्यातल्या सगळ्या ओळी घ्या, आईच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या, तक्त्याशी जोडा, पण ज्यांना जोडीदार मिळत नाही त्यांनाही यादीत ठेवा, आणि मग फक्त तेवढ्याच पाहा. याला लेफ्ट जॉइन म्हणतात. आम्ही त्या रात्री सतरा पट्ट्या काढल्या आणि कागदी पावतीपुस्तकांतल्या तारखा व गाडी नंबरांवरून त्यांचे मालक लावले. दुसऱ्या दिवशी मी फॉरेन की घातली. त्यानंतर तोच मुलगा पुन्हा नाव काढायला गेला तर डेटाबेसने साफ अडवलं: या शेतकऱ्याच्या नावे काटापट्ट्या आहेत, ओळ काढता येणार नाही. तो वैतागला. मला मात्र त्या नकाराइतकी समाधानाची गोष्ट त्या हंगामात दुसरी मिळाली नाही.

अडवणं हा एक पर्याय झाला. त्याला ‘रिस्ट्रिक्ट’ म्हणतात. दुसरा ‘सेट नल’: आईची ओळ गेली तर लेकराच्या ओळीतला क्रमांक रिकामा कर. वावरावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा असू शकतो, नसूही शकतो. जिथे ‘नसणं’ ही खरोखरची स्थिती आहे तिथेच रिकामा रकाना शोभतो. मालकाविना काटापट्टी ही मात्र स्थिती नाही, तो घोटाळा आहे. तिसरा पर्याय ‘कॅस्केड’: आई गेली की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं पुसून टाक. बाजारातल्या कच्च्या यादीतल्या ओळींना हे ठीक. पैशाच्या, हक्काच्या नोंदींना कधीही नाही. एक खातेदार पुसला आणि त्याच्यामागे दहा वर्षांच्या पावत्या गेल्या, हे एका बटणाने होऊ शकतं.

आणि चौथा पर्याय डेटाबेसच्या पुस्तकांपेक्षा पटवाऱ्याच्या दप्तरात जास्त जुना आहे. माणूस गेला, जमीन विकली गेली, तर जुनं नाव खोडरबरने पुसत नसत. त्याला कंस करत. कंसातलं नाव म्हणजे आज हक्क नाही, पण होता. त्याच्याजवळच्या वर्तुळातला आकडा तसाच राहतो, म्हणून मागं मागं जाता येतं. 2020 च्या नमुन्यात कंसाऐवजी आडवी रेघ आली, कल्पना तीच. संगणकात यासाठी ‘स्थिती’ नावाचा एक रकाना ठेवतात: चालू, बंद, मयत. जिनिंगच्या प्रोग्रामात मी तो घातला आणि काढून टाकण्याचं बटणच काढून टाकलं.

नात्यांचा सगळ्यात अवघड प्रकार सातबारा आणि आठ-अ यांच्यामध्ये आहे. एका खात्यात अनेक वावरं, आणि एका वावरात अनेक खाती. भाऊ वेगळे झाले की हे होतंच. मग क्रमांक कोणी कोणाचा ठेवायचा? वावराच्या ओळीत खाते क्रमांक ठेवला तर एकच मावतो. खात्याच्या ओळीत ‘45, 61, 72’ असे स्वल्पविराम देऊन नंबर कोंबले, आणि असं कोंबणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, तर त्यातल्या कुठल्याच नंबरावर फॉरेन की बसत नाही. उत्तर आहे मधला तक्ता. कल्पित आकडे घेऊन पाहू:

सर्व्हे 45, खाते 112, 1 हेक्टर 60 आर
सर्व्हे 45, खाते 208, 1 हेक्टर 60 आर
सर्व्हे 61, खाते 112, 0 हेक्टर 80 आर

तीन ओळी. प्रत्येकीत दोन फॉरेन की, एक वावरांच्या तक्त्याकडे, एक खात्यांच्या. क्षेत्र ना एकट्या वावराचं, ना एकट्या खात्याचं. ते त्या दोघांच्या नात्याचं आहे, म्हणून ते इथेच राहतं. आता 45 नंबरच्या ओळी निवडल्या की नमुना 7 तयार होतो: दोन खातेदार, एकूण 3 हेक्टर 20 आर. 112 खात्याच्या ओळी निवडल्या की आठ-अ तयार: दोन वावरं, एकूण 2 हेक्टर 40 आर. सातबारा आणि आठ-अ या दोन वेगळ्या माहित्या नाहीतच. एकाच माहितीकडे वावराच्या बाजूने पाहिलं की सात, माणसाच्या बाजूने पाहिलं की आठ-अ. हे मला उमगलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या दोन कागदांकडे पाहत बसलो होतो.

हाती लिहिण्याच्या काळात मात्र हे दोन नमुने वेगवेगळ्या वह्यांत उतरवले जात. सातबाऱ्यावर बदल झाला, आठ-अ वर राहून गेला. दोन कागद दोन गोष्टी सांगू लागले आणि धुऱ्यावरची भांडणं कोर्टात गेली. हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा जुळवण्यासाठी 2017 मध्ये राज्यभर चावडी वाचन झालं. गावकऱ्यांसमोर नोंदी मोठ्याने वाचल्या गेल्या. संगणकवाले याला डेटा तपासणी म्हणतील. मला ती अधिक चांगली तपासणी वाटते, कारण ज्याची नोंद तोच समोर बसलेला असतो.

आता एक गाठ. सातबाऱ्यावरची नोंद फेरफारावर टेकलेली, आणि फेरफार सातबाऱ्यावरच्या वावरावर टेकलेला. साधारण नियम असा की आधी आईची ओळ, मग लेकराची. काढताना उलट क्रमाने. पण दोघी एकमेकींवर टेकल्या असतील तर आधी कोण? पटवाऱ्याकडे याचं उत्तर पेन्सिल होतं. फेरफार नोंदला की सातबाऱ्यावर त्याचा क्रमांक पेन्सिलने लिहायचा, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की शाईने. हरकत आली तर प्रकरण 6अ मध्ये, विवादग्रस्तांच्या वहीत. डेटाबेसमध्ये पेन्सिलीच्या जागी ट्रान्झॅक्शन असतं: सगळे बदल करा, शेवटी एकदम पक्के करा, मध्ये बिनसलं तर एकही झाला नाही असं समजा. पोस्टग्रेस आणि ओरॅकल या डेटाबेसमध्ये तर किल्लीची तपासणीही शेवटच्या क्षणापर्यंत लांबवता येते, म्हणजे मधल्या वेळेत बाण हवेत लोंबला तरी चालतो, शाई लागण्याआधी तो जमिनीला टेकला पाहिजे.

अवजारांच्या दोन-तीन खोडी मात्र घाईत का होईना सांगायला हव्यात. मायएसक्यूएलचा जुना मायआयसॅम प्रकार फॉरेन की लिहिलेली वाचून घ्यायचा आणि पाळायचा नाही. 2010 मधल्या 5.5 आवृत्तीपासून काही न सांगता मिळणारा प्रकार इनोडीबी झाला, तो पाळतो. फोनमध्ये सर्रास असणाऱ्या एसक्यूलाइटमध्ये ही तपासणी 2009 मध्ये आली, पण सहसा बंद असते. दर जोडणीला ती मुद्दाम सुरू करावी लागते. मेळघाटात रेंज नसताना फोनवर माहिती गोळा करणारं ॲप कोणी बांधत असेल तर ही ओळ त्याने भिंतीवर लिहून ठेवावी. आणि पोस्टग्रेस फॉरेन कीच्या रकान्यावर आपणहून इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची, बांधत नाही. लाखो ओळी झाल्या की एक ओळ काढायलाही तो सगळा तक्ता चाळतो. तो इंडेक्स आपणच बांधावा.

एवढं करूनही फॉरेन की काय करू शकत नाही? खाते 112 च्या जागी चुकून 121 लिहिलं आणि 121 नावाचं खातं खरंच अस्तित्वात असेल, तर ती आनंदाने होकार देते. बोट दाखवलेल्या जागी कोणीतरी आहे, एवढंच तिला पाहता येतं. योग्य माणूस आहे का, हे नाही. त्याहून मोठी गोष्ट, जी ओळ लिहिलीच गेली नाही तिच्याबद्दल ती कधीच बोलत नाही. वारसांच्या तक्त्यात दोन मुलांची नावं आली आणि दोन मुलींची आली नाहीत, तर एकही बाण तुटत नाही, एकही पोरकी ओळ सापडत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. पण डेटाबेस निर्दोष असूनही ती मुलगी त्यात नसू शकते. मला यात तंत्राची मर्यादा दिसते आणि त्याहून जास्त आपली जबाबदारी दिसते.

शिवाय किल्ली एका डेटाबेसच्या भिंतीआतच चालते. पूर्वी वऱ्हाडातल्या गावात जन्म-मृत्यू कोतवाल बुकात लिहिले जात आणि जमीन पटवाऱ्याच्या वहीत. आज मृत्यू ग्रामपंचायतीत नोंदतात, जमीन महसूल खात्यात. मृत्यूच्या ओळीतून सातबाऱ्याच्या ओळीकडे जाणारा बाण नाही. तो बाण म्हणजे दाखला हातात घेऊन फेऱ्या मारणारा वारस. मालकी बदलली की तीन महिन्यांत कळवावं असं 1966 ची जमीन महसूल संहिता सांगते, पण पेरणी, सोंगणी आणि दुःख यांत ते राहून जातं आणि गेलेली माणसं वर्षानुवर्षं सातबाऱ्यावर चालू राहतात. त्यांच्या नावावर कर्ज निघत नाही, नुकसानभरपाई अडते. 2025 साली बुलढाणा जिल्ह्यातून सुरू होऊन राज्यभर गेलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम याच तुटलेल्या बाणासाठी होती: गावातल्या मयत खातेदारांची यादी करायची आणि त्यांच्या वारसांची नोंद लावायची.

आजोबा गेले तेव्हा वारसांचा अर्ज मीच लिहिला. पहिल्या कच्च्या कागदावर बाबा आणि काका, दोघंच होते. घरात तसंच गृहीत होतं. काकांनी तो वाचला, बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाले, “पोरी कुठं गेल्या आबाच्या?” मी पुन्हा लिहिला. आता सातबाऱ्यावर आजोबांच्या नावावर आडवी रेघ आहे. खाली बाबा, काका आणि दोन्ही आत्या आहेत, आणि चौघांच्याही नावांपुढे वर्तुळात एकच आकडा आहे.